पॅरिसच्या बिस्त्रोत जेवायचंय? तयारी ठाण्यातूनच करा

ठाण्यातून युरोप टूरला जाणाऱ्यांच्या कार्यक्रमात पॅरिसचे दोन-तीन दिवस असतात आणि त्या दिवसांतलं रात्रीचं जेवण बहुतेक वेळा भारतीय रेस्टॉरंटमध्ये आधीच ठरलेलं असतं. दिवसभर चालून पाय दुखत असताना समोर वरण-भात आला की बरंच वाटतं. तरीही ज्या देशाच्या जेवणाच्या रीतीला युनेस्कोनं २०१० साली अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिलं, तिथे जाऊन एकदाही तिथल्या लोकांच्या शेजारी बसून, त्यांच्या वेळेला न जेवता परत येणं मला मनापासून खटकतं. नौपाड्यातल्या आणि पाचपाखाडीतल्या नातेवाइकांना मी हे जाण्याआधी तोंडी सांगत आले आहे. आता सगळं एका जागी लिहून ठेवते.

लोक भाषेला घाबरतात. खरं तर घोटाळा होतो तो चुकीच्या वेळी पोचल्यामुळे आणि टेबलावर बसल्यावर पदार्थ शोधायला लागल्यामुळे. या दोन्ही गोष्टींचा निकाल घरी सोफ्यावर बसून लावता येतो.

आधी जागा ठरवा

बिस्त्रो म्हणजे लहानसं, साधं खाणावळीवजा रेस्टॉरंट. टेबलं जवळजवळ, पदार्थ मोजके, आणि दिवसाचे पदार्थ बहुधा काळ्या पाटीवर खडूनं लिहिलेले. ब्रासरी आकारानं मोठी असते आणि बहुतेक ठिकाणी दिवसभर जेवण मिळतं. कॅफेत कॉफी-वाइनबरोबर ऑम्लेट, सॅलड, सँडविच अशा हलक्या गोष्टी असतात. चौथा प्रकार बुयों. मोठ्या दालनात, कमी किमतीत, झटपट वाढलं जाणारं पारंपरिक फ्रेंच जेवण तिथे मिळतं.

घरातली ज्येष्ठ मंडळी किंवा लहान मुलं बरोबर असतील आणि ही पहिलीच वेळ असेल, तर मी बुयोंच सुचवेन. बुयों शार्तिए १८९६ पासून चालू आहे. उंच छत, पितळी रॅक, आणि टेबलावरच्या कागदी आच्छादनावर पेनानं ऑर्डर लिहून तिथेच बेरीज करणारे वेटर. बाहेर रांग दिसली तरी ती भराभर सरकते. बुयों पिगाल आणि बुयों रेपुब्लिक ही याच धर्तीवरची अलीकडची ठिकाणं. किमती बिस्त्रोपेक्षा बऱ्याच कमी असतात, त्यामुळे एखादा पदार्थ आवडला नाही तरी जीव हळहळत नाही.

दोघंच असाल किंवा मित्रमंडळी असाल, तर मात्र खरा लहान बिस्त्रो गाठा. पॅरिसच्या अकराव्या विभागात असे बिस्त्रो भरपूर आहेत. आयफेल टॉवरच्या पायथ्याशी, फोटोवालं मेन्यूकार्ड सहा भाषांत लावून दारात उभा राहून बोलावणारा माणूस दिसला की पुढे चला. चांगल्या जागेची एक खूण अशी: मेन्यू एका पानात संपतो आणि दुपारी साडेबाराला आजूबाजूच्या ऑफिसांतली माणसं आत बसलेली असतात. दुसरी खूण म्हणजे भांड्यावर झाकणासारखं घराचं छप्पर असलेलं चिन्ह. त्याच्याजवळ ‘फे मेझों’ असं लिहिलेलं असतं. पदार्थ कच्च्या मालापासून तिथेच बनवला असेल तरच हे चिन्ह लावता येतं, तसा नियम फ्रान्समध्ये २०१४ पासून आहे.

किमतींसह मेन्यू बाहेर लावणं तिथे बंधनकारक आहे. तेव्हा फुटपाथवर उभं राहून सावकाश वाचा, पटलं नाही तर निघा. कुणाला त्याचं वाईट वाटत नाही.

वेळ: इथेच बहुतेकांचा बेत फसतो

आपल्याकडे उडुपी हॉटेलात दुपारी चार वाजता गेलं तरी काहीतरी गरम मिळतंच. पॅरिसच्या बिस्त्रोत स्वयंपाकघर दुपारी बारा ते दोन, फार तर अडीचपर्यंत चालतं आणि मग बंद होतं. संध्याकाळी सात-साडेसातला पुन्हा उघडतं आणि दहाच्या सुमारास शेवटची ऑर्डर घेतली जाते. लूव्ह्र संग्रहालय बघून तीनला भूक लागली तर बिस्त्रो विसरा. ‘सेर्व्हिस कोंतिन्यू’, म्हणजे मधे बंद न होता जेवण मिळतं, असं लिहिलेली ब्रासरी किंवा एखादा कॅफे शोधा.

जून-जुलैत जाणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. तेव्हा सूर्य दहाच्या सुमारास मावळतो. बाहेर लख्ख उजेड असल्यामुळे जेवणाची वेळ झाली असं वाटतच नाही, आणि सीन नदीच्या काठी फोटो काढता काढता स्वयंपाकघरं बंद होतात. शिवाय उन्हाळ्यात पॅरिसचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं. तिथले रात्रीचे आठ म्हणजे तुमच्या शरीराचे साडेअकरा. पहिल्या दोन दिवसांत रात्रीच्या बिस्त्रोचा बेत आखलात तर मुलं टेबलावर डोकं ठेवून झोपतील.

म्हणून माझा सल्ला सरळ आहे: मोकळ्या दिवशी, तोही मंगळवार ते शुक्रवारातला असेल तर उत्तम, दुपारी सव्वाबाराला जा. जागा मिळते, वेटरला बोलायला सवड असते आणि दुपारचा ठरावीक किमतीचा मेन्यू मिळतो. रविवारी आणि सोमवारी बरेच बिस्त्रो बंद असतात. ऑगस्टमध्ये तर कित्येक मालक दोन-तीन आठवडे कुलूप लावून सुट्टीवर जातात. त्या महिन्यात जाणार असाल तर जागा उघडी आहे का, हे आधी तपासाच.

रात्रीचंच जेवण हवं असेल तर आरक्षण करा. बऱ्याच जागांच्या संकेतस्थळावर किंवा द फोर्क नावाच्या ॲपवर दोन मिनिटांत होतं. टेबल आठचं असेल तर आठलाच पोचा. ग्रुप टूरवाल्यांनी टूर मॅनेजरला आदल्या दिवशीच सांगावं, म्हणजे तुमच्या वाटचं जेवण फुकट जाणार नाही. हॉटेलचा पत्ता आणि जवळच्या मेट्रो स्टेशनचं नाव कागदावर लिहून घ्या. फोनची बॅटरी संपण्याची वेळ तीच असते.

काय खायचं ते घरीच ठरवा

आपल्याकडे एका कुटुंबात चार प्रकारचे खाणारे असतात: पूर्ण शाकाहारी, अंडं चालणारे, मासे-चिकन चालणारे पण गाय आणि डुक्कर वर्ज्य असलेले, आणि सगळं खाणारे. प्रत्येकानं आपलं काय ते निघण्याआधी ठरवून फोनमध्ये लिहून ठेवावं.

मेन्यूचे तीन भाग असतात. आँत्रे म्हणजे सुरुवातीचा पदार्थ, प्ला म्हणजे मुख्य पदार्थ, देसेर म्हणजे गोड. ‘फॉर्म्यूल’ म्हणजे यांपैकी दोन किंवा तीन ठरावीक किमतीत. कामाच्या दिवशी दुपारी दोन पदार्थांना साधारण १८ ते २५ युरो धरून चाला. ‘प्ला द्यु झूर’ हा त्या दिवसाचा खास पदार्थ. तो ताजा असतो, लवकर येतो, आणि तुमच्या आहारात बसत असेल तर डोळे झाकून मागवावा असा असतो.

पूर्ण शाकाहारी मंडळींनी आधी हे समजून घ्यावं की बिस्त्रोत भाजी दिसली म्हणजे पदार्थ शाकाहारी असतोच असं नाही. कांद्याचं प्रसिद्ध सूप, वर पाव आणि वितळलेलं चीज, दिसायला अगदी निर्धोक. पण ते बहुतेक ठिकाणी गोमांसाच्या रश्शात शिजवतात. सॅलडमध्ये ‘लार्दों’ म्हणजे डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असू शकतात, नीस पद्धतीच्या सॅलडमध्ये ट्युना आणि अँचोव्ही हे मासे असतात. किश लोरेन या खारट पायमध्ये लार्दों, क्रोक-मस्यू या गरम सँडविचमध्ये हॅम. फ्रेंच फ्राइजसुद्धा काही ठिकाणी गाईच्या चरबीत तळतात, म्हणून विचारून घ्या. चीज बनवताना दूध विरजायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरण्याची पद्धत जुनी आहे. कोंतेसारख्या चीजला तर नियमानंच ते लागतं. ज्यांना हे चालत नाही त्यांनी चीजही टाळावं.

मग उरतं काय? बरंच उरतं. भाजलेल्या पावावर गरम बकरीच्या दुधाचं चीज ठेवलेलं सॅलड, त्याला शेव्र शो म्हणतात. मला ते बिस्त्रोतल्या सर्वांत समाधान देणाऱ्या पदार्थांपैकी एक वाटतं. पोआरो व्हिनेग्रेत म्हणजे उकडलेल्या लीकवर (कांद्याच्या जाड पातीसारखी भाजी) मोहरीचं आंबटसर सॉस. त्यावर कधी कधी अंडं किसून घालतात, तेवढं विचारा. ग्रातँ दोफिनुआ म्हणजे दूध-सायीत भाजलेले बटाट्याचे पातळ काप, आणि रातातुय म्हणजे वांगी, झुकिनी, टोमॅटो, सिमला मिरचीची सावकाश शिजवलेली भाजी. हे दोन्ही मुख्य पदार्थाच्या बाजूला असतात, पण वेगळे मागता येतात. मुख्य पदार्थांत शाकाहारी काहीच नसेल तर दोन आँत्रे घेऊन जेवण करावं. पहिला आधी आणि दुसरा प्लाच्या वेळी आणा असं सांगितलं की झालं. अंडं चालणाऱ्यांचं काम फारच सोपं: उकडलेल्या अंड्यावर घरचं मेयोनेझ घातलेलं अफ मायो, किंवा कॅफेत चीजचं ऑम्लेट आणि हिरवं सॅलड.

जैन आहार किंवा कांदा-लसूण वर्ज्य असलेल्यांना मी बिस्त्रोत जेवायला पाठवणार नाही. कांदा तिथल्या जवळजवळ प्रत्येक सॉसच्या तळाशी असतो. त्यांनी बिस्त्रोबाहेरच्या टेबलावर कॉफी घेऊन तासभर रस्ता बघावा. नेहमीच्या शाकाहाऱ्यांना रात्री इडली-डोशाची आठवण झालीच, तर गार द्यु नॉर या रेल्वे स्टेशनच्या मागच्या ला शापेल भागात दाक्षिणात्य आणि श्रीलंकन तमिळ उपाहारगृहं आहेत.

मासे खाणाऱ्या ठाणेकरांसाठी बिस्त्रो म्हणजे पर्वणी आहे, आणि हे फारसं कुणी सांगत नाही. वाइनमध्ये मुरवलेला बांगडा, तेलातली तारली, बटाट्याबरोबर हेरिंग हे तिथले जुने, स्वस्त आँत्रे आहेत. बांगडा मेन्यूवर ‘माकरो’ या नावानं येतो आणि गार वाढतात. चेंदणी कोळीवाड्याजवळ वाढलेल्या माणसाला तो मसाल्याविना कसा लागतो, ते एकदा चाखून बघाच. मुख्य पदार्थांत लोणी-लिंबात परतलेला सोल मनिएर, काब्ययो म्हणजे कॉड, दोराद आणि बार हे मासे, किंवा वाफवलेल्या शिंपल्या आणि फ्राइज. या शिंपल्या बहुधा पांढऱ्या वाइनमध्ये शिजवतात, दारू अजिबात चालत नसेल तर त्या सोडा. कालवं मात्र कच्ची देतात. पोटाची सवय नसेल तर प्रवासात तो प्रयोग नको.

गाय-डुक्कर टाळणाऱ्यांनी चार शब्द पाठ करावेत: ‘बफ’ आणि ‘वो’ म्हणजे गाय-बैल आणि वासरू, ‘पोर’ आणि ‘जांबों’ म्हणजे डुक्कर आणि हॅम. नुसतं ‘स्टेक’ लिहिलं असेल तर ते गोमांस समजा. ‘पुले’ कोंबडी, ‘कानार’ बदक, ‘आन्यो’ मेंढीचं कोकरू, ‘लापँ’ ससा. बदकाचा पाय त्याच्याच चरबीत तासन् तास शिजवून कुरकुरीत केलेलं कोंफी द कानार मटणप्रेमींना नक्की आवडतं. कोको व्हाँ कोंबड्याचं असलं तरी त्यात लार्दों घालायची पद्धत आहे. ‘री द वो’ वाचून भात समजू नका, ती वासराच्या गळ्याजवळची ग्रंथी असते. आँदुयेत हे डुकराच्या आतड्यांचं सॉसेज, वास उग्र.

गोडात क्रेम ब्र्युले, कारामेल कस्टर्ड, चॉकलेट मूस या सगळ्यांत अंडं असतं, मूसमध्ये तर बहुधा कच्चं. अंडं न खाणाऱ्यांनी फळांचं सॅलड किंवा सोर्बे, म्हणजे फळांच्या रसाचा गोठवलेला गोड पदार्थ, घ्यावं. पन्ना कोत्ता या साईच्या गोड पदार्थात प्राण्यांपासून बनणारं जिलेटिन असतं, शाकाहाऱ्यांनी तो टाळावा.

युरोपीय संघाच्या नियमानुसार चौदा ॲलर्जीकारक घटकांची माहिती ग्राहकाला द्यावीच लागते. त्यांत अंडं, मासे, दूध, शेंगदाणे, तीळ, मोहरी येतात. ती यादी मागता येते. पण मांस त्या यादीत नसतं. त्यामुळे ‘शाकाहारी आहे’ हे वेगळं सांगावंच लागेल. त्यासाठी एक कार्ड बनवा. ठाण्यातल्या बऱ्याच शाळांत फ्रेंच शिकवतात, सोसायटीत फ्रेंच घेतलेलं एखादं मूल असतंच. त्याच्याकडून स्वच्छ अक्षरात लिहून घ्या: मी मांस, मासे, मांसाचा रस्सा खात नाही, अंडं आणि चीज चालतं किंवा चालत नाही. हे कार्ड वेटरच्या हातात दिलं की तो ते आत नेऊन विचारून येतो. भाषांतराच्या ॲपपेक्षा मला याचा भरवसा जास्त वाटतो.

दारातून आत

आत पाऊल टाकलं की सर्वांत आधी ‘बोंझूर’ म्हणा, संध्याकाळी ‘बोंस्वार’. प्रश्न नंतर. अभिवादन न करता थेट ‘टेबल फॉर फोर’ म्हणणं तिथे उद्धटपणाचं मानलं जातं, आणि मग वेटर तुसडा होता अशी तक्रार घेऊन माणसं परत येतात. रिकामं टेबल दिसलं तरी जाऊन बसू नका. किती जण आहात ते बोटांनी दाखवा आणि ते देतील ती जागा घ्या. आतमध्ये धूम्रपानाला २००८ पासून बंदी आहे, पण बाहेरच्या टेबलांवर लोक ओढतात. आजी-आजोबांना दम्याचा त्रास असेल तर आत बसा.

पाणी, पाव आणि ऑर्डर

नुसतं ‘वॉटर’ म्हटलंत तर साधं की बुडबुड्यांचं असा प्रश्न येईल. दोन्ही बाटल्या विकतच्या. ‘ऊन काराफ दो, सिल् वू प्ले’, म्हणजे ‘एक सुरई पाणी, प्लीज’ म्हणा. नळाचं पिण्यायोग्य पाणी सुरईत येतं, फुकट. जेवणाऱ्याला ते देणं आणि ते मिळतं हे मेन्यूवर किंवा फलकावर स्पष्ट लिहिणं २०२२ पासून कायद्यानं सक्तीचं आहे. पावही जेवणाबरोबर फुकट येतो, संपला की आणखी मागता येतो. त्यासाठी वेगळी बशी नसते, तुकडा सरळ टेबलावर ठेवायचा. लोणी सहसा मिळत नाही. उरलेलं सॉस पावानं पुसून खावं. सगळे तसंच खातात.

वाइन घेतलीच पाहिजे असं काही नाही. घेणाऱ्यांनी पाव लिटरचा किंवा अर्ध्या लिटरचा ‘पिशे’, म्हणजे वाइनची लहान सुरई, मागवावा, बाटलीपेक्षा स्वस्त पडतो. मुलांसाठी सिरो आलो, म्हणजे पाण्यातलं सरबत.

मेन्यू मिटवून टेबलावर ठेवलात की ऑर्डर द्यायला तयार आहात असं वेटर समजतो. मुख्य पदार्थ प्रत्येकानं आपापला घ्यावा. एक मागवून चौघांत वाटायची पद्धत तिथे नाही, आँत्रे किंवा गोड मात्र खुशाल वाटून खा. पदार्थात बदल सुचवताना एकच सुचवा: लार्दों नको, सॉस बाजूला द्या. यापुढे गेलात तर दुसरा पदार्थ निवडणंच बरं.

जेवताना

दोन पदार्थांमध्ये पंधरा-वीस मिनिटं जातात. ती गप्पांसाठी आहेत. घाई असेल तर त्या दिवशी बिस्त्रोत जाऊच नका, दीड तास मोकळा ठेवा. टेबलावरच्या सगळ्यांचं खाऊन झाल्याशिवाय ताटं उचलत नाहीत. सुरी-काटा ताटात शेजारी शेजारी ठेवले की तुमचं झालं असा अर्थ.

पहिल्या घासाला तिखटाची उणीव जाणवेल. पिशवीतली चटणी काढू नका, ती हॉटेलच्या खोलीत. ‘मूतार्द’ मागा. दिजोंची मोहरी नाकात झणझणते आणि मांस, बटाटा, अंडं सगळ्यांबरोबर जाते. मिरपूडही मिळते. दोन-चार घासांनंतर लोण्याची, मिठाची, भाजण्याची चव वेगवेगळी कळायला लागते, तेवढा वेळ जिभेला द्या.

वेटरला हाक मारायची तर हात किंचित वर करून ‘सिल् वू प्ले’. चुटकी किंवा ‘शुक शुक’ अजिबात नको. कॉफी गोडानंतर येते, बरोबर नव्हे. ‘काफे’ म्हणजे लहान कपातली कडक एस्प्रेसो. दूध हवं असेल तर ‘काफे क्रेम’. गोडाचं पूर्ण ताट जास्त वाटत असेल तर ‘काफे गूरमाँ’ घ्या: कॉफीबरोबर तीन-चार गोड पदार्थांचे इवलेसे नमुने. दोघांत एक पुरतं.

बिल

मागितल्याशिवाय बिल येत नाही. तुम्हाला उठवणं तिथे असभ्य समजतात, दुर्लक्ष झालंय असं मानू नका. ‘लादिसियों, सिल् वू प्ले’ एवढं पुरे. मेन्यूवरच्या किमतीत कर आणि सेवाशुल्क दोन्ही धरलेलं असतं, बिलावर ‘सेर्व्हिस कोंप्री’ दिसेल. त्यावर दहा-पंधरा टक्के टिप द्यायची गरज नाही. छान वाटलं तर माणशी एखादा युरो टेबलावर ठेवा. कार्डाच्या मशीनवर टिप विचारली तर शून्य निवडायला संकोच नको.

कार्डाबद्दल दोन गोष्टी. भारतीय कार्डांवर परदेशी व्यवहार बहुतेक वेळा बंद असतात, ते बँकेच्या ॲपमधून निघण्याआधी सुरू करा आणि मर्यादा ठरवा. दुसरं, मशीन रुपये की युरो विचारतं तेव्हा युरोच निवडा. रुपये निवडले की विनिमयाचा दर तिथे ठरतो आणि तो जवळजवळ नेहमीच महाग पडतो. यूपीआय आयफेल टॉवरच्या तिकिटांसाठी २०२४ पासून चालतं, म्हणून ते बिस्त्रोत चालेल असं समजू नका. थोडे सुटे युरो खिशात असू द्या.

दोन-तीन कुटुंबं एकत्र गेला असाल तर बिल वेगवेगळं हवं हे ऑर्डर देतानाच सांगा. आयत्या वेळी लहान बिस्त्रोत ते नेहमी जमतंच असं नाही. मग एकानं भरावं आणि हिशेब हॉटेलवर गेल्यावर करावा. निघताना ‘मेर्सी, ओ रव्वार’ म्हणा. रात्रीचं जेवण असेल तर मेट्रो साधारण रात्री एकपर्यंत, शुक्रवारी-शनिवारी दोनपर्यंत चालते. शेवटच्या गाडीची वेळ मात्र आत शिरण्याआधीच स्टेशनवर बघून ठेवा.